विषाच्या तीन वाटा, घरातले दोन डबे

गंगापूर रोडनं गाव मागे टाकून गोवर्धन, गिरणाऱ्याच्या बाजूला निघालं की द्राक्षबागा लागतात. त्या बागांत राबणाऱ्या माणसाला पीपीएम म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. दहा लाख भागांतला एक भाग. 2010 साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला आणि माल तिथंच अडकला. बागाईतदार या औषधाला सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ आवरायला ते वर्षानुवर्षं वापरलं जात होतं, आणि तिकडची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. एवढ्याशा अंशानं त्या हंगामात कित्येक घरं कर्जात गेली. तेव्हापासून नाशिक जिल्ह्यात ‘रेसिड्यू’ हा शब्द मराठीच झाला आहे. फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये किती दिवस सोडायचे, कोणतं औषध कुठल्या देशाला चालत नाही, डब्यावरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा, हे दहावी न झालेला शेतकरीही धडाधड सांगतो. बांधावर पोचलेलं विषशास्त्रच आहे ते.

याच रस्त्यानं शहराकडे वळा. सोमेश्वर, आनंदवल्ली, जेहान सर्कल, केटीएचएम कॉलेज, अशोक स्तंभ. एका अंगाला गोदावरी, दुसऱ्या अंगाला एकेकाळच्या मळ्यांवर उभ्या राहिलेल्या सोसायट्या. इथं शिकलेली माणसं राहतात, सकाळी घंटागाडीची वाट पाहतात आणि ओला व कोरडा असे दोन डबे इमानानं वेगळे ठेवतात. पण ज्या पीपीएमनं द्राक्षाची पेटी अडते, तो या दोन डब्यांपर्यंत पोचलेला नाही. फुटलेला थर्मामीटर कोरड्यात जातो, कारण तो कोरडा दिसतो. मुदत संपलेलं सर्दीचं औषध बेसिनमध्ये ओततात, कारण ते पातळ असतं. वस्तू दिसते कशी यावरून आपण ठरवतो. ती कुणाच्या अंगात कुठल्या वाटेनं शिरेल, हा प्रश्न मनात येतच नाही. घरच्या कचऱ्याविषयी विषशास्त्राला जे सांगायचं आहे, ते सगळं याच प्रश्नातून निघतं.

विष डोशात असतं, हे सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या वैद्याचं म्हणणं या शास्त्राचा पाया मानलं जातं. मीठसुद्धा पुरेसं खाल्लं तर मारतं आणि योग्य मात्रेतला सोमलही औषध होतो. पण नुसत्या मात्रेनं भागत नाही. पदार्थ नाकावाटे गेला, तोंडावाटे गेला की कातडीतून, एकदम गेला की रोज थोडाथोडा, आणि कुणाच्या अंगात गेला, यावर सगळं फिरतं. आपल्याकडे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी अगदतंत्र हे एक अंग विषाला वाहिलेलं आहे, आणि त्यात ‘दूषीविष’ नावाची कल्पना आहे. अंगातून पूर्ण निघून न गेलेलं, जोर मंदावलेलं, वर्षानुवर्षं शरीरात दबा धरून राहणारं आणि अनुकूल काळ येताच पुन्हा उठणारं विष. प्राचीन वैद्यांच्या डोळ्यांसमोर आजची रसायनं नव्हती, तेव्हा त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं असा दावा मला करायचा नाही. पण शिशाचं वागणं वाचताना हा शब्द मला हटकून आठवतो. शिसं हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं आणि तिथं दोन-तीन दशकं राहतं. गरोदरपणात आईच्या हाडांतलं कॅल्शियम बाळासाठी मोकळं होऊ लागलं की त्याच्याबरोबर तेही रक्तात उतरतं. मुलगी लहान असताना गिळलेल्या रंगाच्या पापुद्र्याचा हिशेब तिच्या बाळाकडे जातो.

औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण या बाबतीत अपुरा पडतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग उंदरांना तोंडावाटे दिलेल्या आणि त्यातल्या निम्म्यांना मारणाऱ्या मात्रेवरून ठरतात. लाल म्हणजे शरीराच्या दर किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत, हिरवा म्हणजे 5,000 च्या वर. तत्काळ मारणाऱ्या विषाची ओळख त्यातून पटते. सावकाश मारणाऱ्याची, एका पिढीतून दुसरीत उतरणाऱ्याची ओळख त्या त्रिकोणात नाही, आणि घरच्या कचऱ्यातला मोठा धोका नेमका या दुसऱ्या जातीचा आहे.

पाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याच्याइतका स्पष्ट धडा दुसरा कुणी देत नाही. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी लहानपणी फुटलेल्या थर्मामीटरचा पारा तळहातावर घेऊन खेळवला आहे. त्याच्या गोळ्या पळतात, फुटतात, पुन्हा एक होतात. तो पारा चुकून गिळला असता तर बहुतेक सगळा जसाच्या तसा बाहेर पडला असता, कारण धातुरूप पारा आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही. तोच पारा फरशीच्या फटीत राहिला, उन्हाळ्यात त्याची वाफ झाली आणि ती श्वासातून गेली, तर तिच्यातला सुमारे 80 टक्के पारा फुप्फुसांतून रक्तात जातो आणि पुढे मेंदू नि मूत्रपिंडांत. पदार्थ तोच, वाट बदलली की परिणाम बदलला. तान्ही मुलं रांगतात, म्हणजे त्यांचं नाक जमिनीलगत असतं, आणि वजनाच्या मानानं त्यांचा श्वासही मोठ्यांपेक्षा जास्त. म्हणून थर्मामीटर फुटल्यावर केरसुणीनं झाडणं किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं ही सगळ्यांत वाईट कृती. एका गोळीच्या हजार गोळ्या होतात आणि वाफ व्हायला तेवढा पृष्ठभाग वाढतो. खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करावा, मुलांना खोलीबाहेर न्यावं, जाड कागदानं गोळ्या एकत्र ढकलाव्यात, बारीक कण चिकटपट्टीनं उचलावेत आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करावं.

आणि ती बरणी कुठं टाकावी? इथं अडतं.

समजा, आपण थर्मामीटर ओल्या कचऱ्यात टाकला. नाशिकचा ओला कचरा पाथर्डी-विल्होळीच्या शिवारातल्या खत प्रकल्पाकडे जातो. शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतात कोणता धातू किती चालेल, याच्या मर्यादा केंद्राच्या नियमांत छापलेल्या आहेत. किलोमागे शिसं 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5, आर्सेनिक 10 आणि पारा फक्त 0.15. एका थर्मामीटरात अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. सगळा पारा खतातच राहिला असं धरून भागाकार करून पाहा. एक ग्रॅम पारा साडेसहा टनांहून अधिक खताला त्याच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो. प्रत्यक्षात काही पारा वाफ होऊन जाईल, म्हणजे खताऐवजी तिथं काम करणाऱ्यांच्या छातीत जाईल. एका सीएफएल दिव्यात 3 ते 5 मिलिग्रॅम पारा असतो, म्हणजे एका दिव्याला पंचवीस-तीस किलो खत. आणि जुन्या डॉक्टरांच्या घरी माळ्यावर पडून असलेल्या पाऱ्याच्या रक्तदाबमापकात 80 ते 100 ग्रॅम पारा असतो. त्याचा भागाकार वाचकांनी स्वतःच करावा.

पेटीतल्या द्राक्षाचा अंश मोजून घेणाऱ्या बागाईतदारानं उद्या शहराचं खत बागेत टाकायचं म्हटलं, तर त्या खतात काय आहे हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्याचं उत्तर आपल्या सोसायटीच्या जिन्यात ठरतं. प्रकल्पातल्या कुठल्याही यंत्राला साडेसहा टन खतातून एक ग्रॅम पारा वेचून काढता येत नाही.

पाऱ्याच्या बाबतीत जगानं शिकण्यासाठी फार मोठी किंमत मोजली आहे. जपानमधल्या मिनामाता इथं 1956 मध्ये अधिकृतपणे नोंद झालेल्या आजारात कारखान्यातून खाडीत सोडलेला पारा माशांमधून माणसांत आला, आणि दिसायला ठणठणीत असलेल्या आयांच्या पोटी मेंदूला इजा झालेली मुलं जन्मली. आपल्याच देशात कोडैकनालचा थर्मामीटर कारखाना 2001 मध्ये बंद पडला. पारा लागलेला काचेचा चुरा भंगारात विकला गेल्याचं उघड झालं होतं. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला मिनामाताचंच नाव दिलं गेलं, आणि भारतानं तो 2018 मध्ये मान्य केला. नवे पाऱ्याचे थर्मामीटर बाजारातून जातील. घराघरांत उरलेल्या जुन्यांची व्यवस्था मात्र करार करणार नाही.

आता स्वयंपाकघराच्या शेजारच्या कोठीत या. चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू भरणं ही अजूनही नाशिककडच्या कित्येक घरांची रीत आहे. गव्हाला एरंडेल चोळावं, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, तांदळाला बोरिक पावडर लावावी, धान्यात पाऱ्याच्या टिकड्या ठेवाव्यात. आणि कुणीतरी ओळखीच्या दुकानातून ‘गव्हात ठेवायच्या गोळ्या’ आणतं. या शेवटच्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. कायद्यानं त्या घरगुती वापरासाठी नाहीतच. सरकारी गोदामं आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांनीच, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्या वापरायच्या आहेत. तरी त्या घरात येतात. कचऱ्याच्या दृष्टीनं मला याच्याइतकं भयंकर घरगुती विष दुसरं दिसत नाही, आणि आश्चर्य म्हणजे कचऱ्याच्या चर्चेत त्याचं नावही निघत नाही.

या गोळीचं काम पाण्यावर चालतं. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. तीन ग्रॅमची एक गोळी साधारण एक ग्रॅम फॉस्फिन सोडते. दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची बंद खोली घेतली तर तेवढ्या वायूनं हवेत सुमारे 25 पीपीएम भरतं. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी मानलेली मर्यादा आहे 0.3 पीपीएम, म्हणजे ऐंशीपटीहून जास्त. या विषावर उतारा नाही. ते पेशींच्या श्वासावरच घाव घालतं आणि हृदय निकामी करतं. आता विचार करा, हंगाम संपल्यावर डबीत उरलेल्या चार गोळ्या, अर्धवट निकामी झालेली करडी भुकटी, हे घरातली बाई कुठं टाकते? भाजीच्या सालींबरोबर, ओल्या डब्यात. ओलावा हाच ज्याचा चाप, ते ओल्या कचऱ्यात. पिशवी रात्रभर बाल्कनीत बांधून राहिली तर वायू घरात. सकाळी दिली तर गाडीत उभं राहून हातांनी कचरा दाबणाऱ्या माणसाच्या तोंडापाशी. तिला दोष देता येत नाही. तिला कुणी सांगितलेलंच नाही. उरलेल्या गोळ्यांना पाणी लागू न देणं, डबी उघडी न करणं, घराबाहेर मोकळ्या हवेत कोरड्या जागी ठेवून परवानाधारक कीडनियंत्रकाला बोलावणं, हे तिला सांगायला हवं. खरं तर गहू एरंडेल लावूनच भरा, हे सांगायला हवं.

दिवाळीआधीच्या पंधरवड्यात हे सगळं एकदम बाहेर पडतं. माळे रिकामे होतात, भिंती खरवडल्या जातात. 2017 च्या अखेरीपासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम झाली, पण त्याआधीच्या ऑइलपेंटचे थर दारा-खिडक्यांवर आहेतच. खरवडलेली भुकटी मोठ्यांच्या पोटात गेली तर तिच्यातलं शिसं साधारण दहा टक्के शोषलं जातं. लहान मुलांच्या पोटात चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत. म्हणून खरवडण्याआधी भिंत ओली करावी, आणि भुकटी ओल्या कचऱ्यात मिसळू नये. सडणाऱ्या अन्नातून आम्लं तयार होतात आणि आम्लात शिसं विरघळतं. कचरा धोकादायक आहे का, हे ठरवण्याच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीतही तो अ‍ॅसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लात, अठरा तास घुसळतात, कारण कचराभूमीच्या पोटात असंच आंबट पाणी असतं. याच पंधरवड्यात बाथरूम चकचकीत करायला अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतण्याची चूक होते. त्यातून क्लोरीन निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसं जाळतो.

थंडीत गंगापूर रोडला नदीकाठचं धुकं उतरतं आणि रात्री हवा जमिनीलगत साचून राहते. नेमक्या त्याच दिवसांत पानगळीचे ढीग पेटवले जातात, ऊब मिळावी म्हणून चौकीदार त्यात प्लॅस्टिकही सारतात. पाला जळून निघणारा धूरसुद्धा निरुपद्रवी नाही. पण त्यात पीव्हीसीची वायर, फ्लेक्सचा तुकडा पडला की अंदाजे दोनशे ते साडेचारशे अंश सेल्सियसच्या आचेत डायॉक्सिन बनतात. रुग्णालयांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीला दुसऱ्या कक्षात सुमारे 1,050 अंश तापमान राखणं आणि धूर तिथं दोन सेकंद तरी ठेवणं आपल्या नियमांनी बंधनकारक केलं आहे, ते याच कारणानं. रस्त्याकडेच्या शेकोटीत, सोसायटीच्या गच्चीवरच्या छोट्या भट्टीत ही आच येत नाही. 2000 साली अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संशोधकांनी दाखवून दिलं की घरामागच्या पिंपात कचरा जाळणारी काही डझन कुटुंबं मिळून एका मोठ्या आधुनिक भट्टीइतकं डायॉक्सिन हवेत सोडू शकतात. डायॉक्सिन चरबीत साठतं, माणसाच्या अंगात त्याचं प्रमाण निम्मं व्हायला सात-आठ वर्षं लागतात, आणि धुरापेक्षा ते आपल्यापर्यंत दूध, अंडी, मांस यांतून जास्त येतं. म्हणजे ज्यानं जाळलं त्याला ते भेटेलच असं नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये दंड ठरवला. पण पहाटे चारला थंडीनं काकडणाऱ्या चौकीदाराला दंडापेक्षा स्वेटर आणि हीटर द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

औषधांचा प्रश्न या सगळ्यांहून नाजूक आहे, आणि तो समजून घ्यायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्यानं गावकऱ्यांच्या साथीनं गिधाडांसाठी जेवणाची जागा केली आहे. ही उरलेली. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं मरू लागली आणि दीड दशकात काही जातींतली शंभरातली सत्त्याण्णवहून अधिक नाहीशी झाली. कारण 2004 मध्ये कळलं. डायक्लोफिनॅक. गुडघा दुखला की आपण घेतो तेच औषध. जनावरांना ते टोचलं जात होतं, मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडात गेलं, आणि आपल्याला आराम देणाऱ्या त्या औषधानं त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. गिधाडं घरच्या कचऱ्यानं मेली नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. पण ‘आपल्याला चालतं ते सगळ्यांना चालतं’ हा समज त्यांनी कायमचा मोडला, आणि बेसिनमध्ये औषध ओतताना तो समजच आपल्या हातात असतो.

बेसिनमधून ते गटारात, तिथून मलजलशुद्धीकरण केंद्रात. ही केंद्रं मैला आणि जंतू यांच्यासाठी बांधलेली असतात. औषधाचे रेणू त्यांच्यातून बऱ्याच अंशी निसटून गोदावरीत येतात. नाशिकच्या खाली नदी नांदूरमध्यमेश्वरला जाते, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, जिथं थंडीत हजारो पाहुणे पक्षी उतरतात. कॅनडातल्या एका तळ्यात संशोधकांनी गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक मुद्दाम सोडून पाहिलं होतं. लिटरमागे फक्त पाच-सहा नॅनोग्रॅम. एका पीपीएमपेक्षाही जवळपास दोन लाख पटींनी कमी. काही वर्षांत तिथल्या एका लहान माशाची जातच जवळजवळ संपली, कारण नर नर राहिले नव्हते. आणि प्रतिजैविकांचा अंश पाण्यात गेला की तो जंतूंना मारण्याइतका नसतो, शहाणं करण्याइतका असतो.

तरी इथंही सरसकट नियम चालत नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात ट्रॅमाडॉल, फेंटानिलसारखी 17 औषधं संडासात टाकून पाणी सोडावं असं म्हटलं आहे. ती घरात उरली आणि एखाद्या मुलाच्या हाती लागली तर एका मात्रेनं जीव जाऊ शकतो. तो धोका नदीच्या धोक्यापेक्षा जवळचा. बाकीची औषधं मात्र पाण्यात जायला नकोत. ती परत घेण्याची व्यवस्था हवी. केरळच्या औषध नियंत्रण विभागानं कोझिकोडपासून तशी सुरुवात केली. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड मिळून औषधांची दुकानं किती दाट आहेत, हे इथला प्रत्येक जण जाणतो. प्रत्येक दुकानात एक कुलूपबंद पेटी ठेवणं हे काही चंद्रावर जाण्याइतकं अवघड काम नाही.

कशाला घाबरू नये, हेही या शास्त्रानंच सांगावं. हल्लीच्या साध्या पेन्सिल सेलमध्ये पारा जवळपास उरलेला नाही. ते भंगारात द्यावेत, पण त्यांच्यासाठी झोप उडवू नये. एलईडी दिव्यात पारा नसतो. जुन्या कॉर्डलेस फोनच्या आणि ट्रिमरच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या मात्र बाजूला काढाव्यात, कारण कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं मुक्काम करतं. खेळण्यातला बटण सेल दिसायला सगळ्यांत निरुपद्रवी, पण मुलानं गिळला तर त्याच्या विजेनं अन्ननलिकेत दाहक अल्कली तयार होतं आणि दोन तासांत भोक पडू शकतं. टाकताना त्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी. आणि इन्सुलिनच्या सुया. हा विषाचा प्रश्न नसून जंतूंचा आहे, पण वाट कातडीचीच. दवाखान्यांतल्या अनुभवानुसार बाधित सुई टोचल्यास हिपॅटायटिस ‘बी’ची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत, ‘सी’ची सुमारे तीन आणि एचआयव्हीची 0.3. जाड प्लॅस्टिकची बाटली, घट्ट झाकण आणि वर ठळक अक्षरांत ‘सुया’, एवढ्यानं कचरा वेचणाऱ्याचा हात वाचतो.

कायदा या बाबतीत मागे नाही. 1996 मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिच्यातून 2000 चे घनकचरा नियम आले आणि पुढे 2016 चे. 2016 च्या नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ अशी स्वतंत्र व्याख्या होती. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले थर्मामीटर, बॅटऱ्या, सुया. दर 20 चौरस किलोमीटरला तो स्वीकारणारं एक केंद्र असावं, असंही त्यात लिहिलं होतं. नाशिक अडीचशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे. म्हणजे किमान 13 केंद्रं. आपल्या घराला सगळ्यांत जवळचं केंद्र कुठलं, ते किती वाजता उघडतं, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? पुढची सोय राज्यात आहे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथं घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट होते. दुवा तुटतो तो आपलं दार आणि ते केंद्र यांच्यामध्ये. जर्मनीत ठरलेल्या दिवशी घातक कचऱ्याची वेगळी गाडी वस्तीत येते आणि तिच्यावर रसायनं ओळखणारा माणूस असतो. घंटागाडी ज्या शहराच्या जिभेवर नव्वदच्या दशकापासून रुळली आहे, त्याला महिन्यातून एकदा अशी एक गाडी का जमू नये?

डिसेंबर 2024 मध्ये केंद्रानं मांडलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात ओला, कोरडा, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’ असे चार भाग होते. पाऊल योग्य आहे. पुण्यात ‘स्वच्छ’च्या कचरावेचक महिलांनी सॅनिटरी कचऱ्याच्या पुडीवर लाल ठिपका काढा, ही मागणी लावून धरली, तीच जाणीव या मसुद्यात उतरली. माझा आक्षेप चौथ्या डब्यावर आहे. फॉस्फाइडची गोळी, ओलसर औषधाची बाटली, थर्मामीटर आणि लिथियमची बॅटरी एकाच डब्यात टाकली तर आपण धोके एकत्र बांधले, वेगळे केले नाहीत. वस्तूंच्या यादीऐवजी डब्याशेजारी पाच ओळी चिकटवाव्यात, असं मला वाटतं. याला ओल लागू देऊ नका, फॉस्फाइडच्या गोळ्या. हे फुटू देऊ नका, दिवे आणि थर्मामीटर. हे जळू देऊ नका, पीव्हीसी, बॅटऱ्या. हे पाण्यात जाऊ देऊ नका, औषधं, रंग, कीटकनाशकं. हे टोचू देऊ नका, सुया. सहावीतल्या मुलाला पाठ होतील इतक्या या ओळी सोप्या आहेत, आणि प्रत्येकीत विषाची एक वाट बंद होते.

कारण मर्यादांचे आकडे ज्यांच्यासाठी काढले जातात, ती माणसं कोण असतात? प्राण्यांवर जी मात्रा निरुपद्रवी ठरते, तिला सहसा शंभरानं भागतात. दहा, प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी. दहा, माणसामाणसांतल्या फरकासाठी. या दुसऱ्या दहात गरोदर बाई आणि तान्हं मूल धरलेलं असतं. पहाटेपासून उघड्या हातांनी हजार घरांच्या पिशव्या फोडणारी, त्याच हातांनी चहा पिणारी आणि तेच कपडे घालून लेकराला कडेवर घेणारी बाई त्या भागाकारात मावते का? आपण एका घराचा एक दिवा टाकतो. तिच्या वाट्याला हजार घरांचे येतात.

माझ्या माळ्यावर मुरंब्याची एक काचेची बरणी आहे. तिच्यात आईचा थर्मामीटर आहे. तो माझ्या हातून फुटला. पारा, काच, चिकटपट्टी आणि गोळ्या गोळा केलेला पुठ्ठा, सगळं आत आहे. झाकण मेणानं बंद केलं आहे आणि वर चिठ्ठी लावली आहे, ‘पारा, उघडू नये’. नात मध्यंतरी आली तेव्हा तिनं काचेतून ती चमकणारी गोळी पाहिली आणि हात पुढे केला. मी बरणी तिच्या हातात दिली नाही, पण उजेडात धरून दाखवली. तिनं विचारलं, आजोबा, ही इथून कधी जाणार? चिठ्ठीवर खाली तारखेची जागा मी मोकळी ठेवली आहे.